आई बाजाराला गेली

गुरुवार, ३ नोव्हेंबर १९६६, चिंचणी

नर्मदा आज गेली. तिचे भाऊ शिवाजीराव तिला न्यायला आले होते. आज मुंबई आणि उद्या तिथून मिरजेच्या बाजूचं क्षयाचं इस्पितळ. छातीच्या फोटोत डाव्या बाजूला डाग निघाला आहे. वेळेवर सापडला, सुया-गोळ्या नीट घेतल्या तर बाई खडखडीत बरी होईल, पण सहा-सात महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. लहान मुलांना तिथे आत सोडत नाहीत.

राहीला काही कळू दिलं नाही. ही सारी रखमाक्काची हुशारी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कराडहून मुद्दाम आली आहे. तिने राहीला मागच्या दारी शेजारच्या येसूबाईंच्या कोंबड्या दाखवायला नेलं आणि इकडे नर्मदा पुढच्या दाराने बाहेर पडली. उंबऱ्यात थांबून नर्मदा मला म्हणाली, "एकदा तिला सांगून तरी जाते." पण आक्काने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "दोन वर्साच्या पोरीला काय सांगतीस? ती रडंल, तू रडशील, आन् गाडी चुकंल." मलाही ते पटलं. मी नर्मदेची ट्रंक उचलली आणि पुढे चालू लागलो.

राही आत आली, खोलीभर पाहिलं आणि म्हणाली, "आई?" आक्का म्हणाली, "आई बाजाराला गेली. खाऊ घिऊन येणार राहीला." राही खुदकन हसली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. सुटलो बुवा.

शनिवार, ५ नोव्हेंबर

राही उंबऱ्यावरच असते. एस.टी. आली की उठून उभी राहते, माणसं उतरून संपली की परत बसते. आक्का म्हणते चार दिवस चालेल हे. भिंतीवरचा आमचा लग्नाचा फोटो तिने काढून ट्रंकेत टाकला, उगाच दिसायला नको म्हणून. मुलं वाढवण्यात आक्काचा हात कुणी धरणार नाही, पाच वाढवली आहेत तिने.

सोमवार, १४ नोव्हेंबर. भाऊबीज

आक्काने ओवाळलं. राहीने आईचं नाव काढणं बंद केलं आहे, गेले तीन दिवस एकदाही विचारलं नाही. आक्काला कृतकृत्य वाटलं. मलाही.

एक गोष्ट मात्र समजत नाही. फराळाचं ताट पुढे केलं की राही ते ढकलून देते. लाडू हातात दिला तर दाराबाहेर फेकते. "खाऊ घे" म्हटलं की अंगाला चटका बसल्यासारखी किंचाळते. खाऊला नाही म्हणणारं मूल मी जन्मात पाहिलं नव्हतं. आक्का म्हणते पोट बिघडलं असणार.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

आक्का काल पहाटेच्या गाडीने गेली. तिचाही संसार आहे, किती दिवस राहणार? जाताना राही झोपेत होती. उठल्यावर काय सांगू म्हणून विचारलं तर म्हणाली, "सांग की, आत्या बाजाराला गेली."

तसंच सांगितलं. राही रडली नाही. खाटेखाली वाकून पाहिलं, डब्यांच्या मागे पाहिलं, तांदळाच्या पिंपाचं झाकण उघडायला लावलं. मग खुंटीवरची बाजाराची पिशवी मागितली, ती जमिनीवर पसरली आणि तिच्यावर बसून राहिली. दुपारी तिथेच झोपली. चांगली शहाणी झाली आहे पोर.

दिवसा तिला सांभाळायचा प्रश्न येसूबाईंनी सोडवला. येसूबाई मागच्या अंगणापलीकडच्या मांगेलआळीत राहतात. नवरा नवशा होडीवर, सून बुधी टोपली घेऊन बोईसरला मासळी विकायला, आणि या स्वतः घरी बसून नातू जानूला सांभाळतात व बोंबील वाळवतात. म्हणाल्या, "एक हायच, दुसरी काय जड होते?" आमच्या कराडकडच्या नाकाला त्या अंगणात उभं राहणं म्हणजे शिक्षाच. पण अडला हरी. राहीच्या झग्यालाही तो वास येऊ लागला आहे, नर्मदेला पत्रात कळवणार नाही.

रविवार, २७ नोव्हेंबर

राही चावते. सकाळी मी कामावर जायचा सदरा घालायला लागलो की सुरुवात. काल मनगटावर असे दात रुतवले की स्टोअरमध्ये नामदेवने विचारलं, कुत्रं कुठलं होतं? नामदेव माझ्याबरोबर अणुवीज केंद्राच्या बांधकामावर स्टोअरला आहे, आम्ही दोघं मिळून दिवसभर नट-बोल्ट आणि पाने वाटतो. त्याच्या मते दृष्ट लागली. मी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. शिकलेला माणूस, पण करून बघायला काय जातं?

आज पिशवी घेऊन मीठ आणायला निघालो तर राहीने पिशवीला लोंबकळून जो आकांत केला, त्याला सीमा नाही. शेवटी मीठ कागदाच्या पुडीत आणलं. पोरीचं आणि पिशवीचं काय वैर आहे देव जाणे.

कामावर जातानाची एक युक्ती मात्र जमली. येसूबाई तिला कोंबड्यांकडे नेतात, मी गुपचूप पुढच्या दाराने कामावरची लॉरी गाठतो. पण हल्ली कोंबड्यांचं नाव काढलं की ती माझा पायच धरून बसते.

रविवार, ४ डिसेंबर

तारापूरच्या डॉक्टरांना दाखवलं. जंताचं औषध दिलं. वजन घटलं आहे. जेवणात दोन घास भात, तोही येसूबाईंच्या हातून.

नर्मदा असताना आम्ही एकदा राहीचे शब्द मोजले होते, अडतीस भरले. आज सहज मोजायला गेलो तर नाही, को म्हणजे नको, पाणी, जानू, एवढेच ऐकू आले. बहुधा इकडची बोली आणि आपली बोली यांची गल्लत होत असेल.

शुक्रवार, ९ डिसेंबर

आज मी तिला मारलं.

लॉरीचा भोंगा वाजत होता आणि माझी एक चप्पल सापडेना. ती राहीने पाण्याच्या घागरीत टाकली होती. ओली चप्पल बाहेर काढली आणि तिच्या पाठीत एक धपाटा दिला. ती रडली नाही. तिने दुसरी चप्पल उचलून तीही घागरीत टाकली. मी अनवाणी लॉरीत चढलो. दिवसभर तोंडाची चव गेल्यासारखं झालं, कशातच लक्ष लागलं नाही.

रविवार, ११ डिसेंबर

नर्मदेचं पत्र आलं. ताप उतरला आहे. शेवटी विचारलं आहे, राही माझी आठवण काढते का? तिला धीर यावा म्हणून मी लगेच लिहिलं, अजिबात नाही, एकदासुद्धा तुझं नाव घेतलं नाही, तू निर्धास्त राहा.

शनिवार, १७ डिसेंबर

नर्मदेचं उत्तर आलं. एकच ओळ. "वाचून बरं वाटलं." एरवी दोन्ही बाजू भरून लिहिणारी बाई. सुयांनी हात दुखत असेल.

आक्कालाही लिहिलं आहे की राहीला तुझ्याकडे ठेवून घेशील का. मला हे झेपत नाही. पोरगी वाळत चालली आहे. ती माझ्या डोळ्यांदेखत कुठेतरी निघून चालली आहे आणि मला तिचा हात धरता येत नाही, असं वाटतं. नर्मदा बरी होऊन येईल तेव्हा तिच्या ओटीत मी काय घालणार आहे?

रविवार, १८ डिसेंबर

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.

उजाडताना येसूबाई दीड वर्षाच्या जानूला कडेवर घेऊन किनाऱ्याकडे निघाल्या. राहीही उठली होती, म्हणून तिला घेऊन मीही गेलो. नवशाची होडी चार-पाच दिवसांसाठी बाहेर पडत होती. आजूबाजूच्या घरांतल्या बायकाही पोरं घेऊन आल्या होत्या, काहींची तर अंगावर पिणारी. नवशाने जानूला घेतलं, त्याच्या गालाला दाढी घासली, म्हणाला, "जानू, मी दर्याला जातंय. चार-पाच दिसांनी येईन." आणि पोराला बायकोकडे देऊन होडीत चढला. जानूने भोकाड पसरलं. येसूबाईंनी ना त्याचं तोंड फिरवलं, ना कावळा दाखवला. होडी लहान होईपर्यंत त्याला तसाच धरून उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, लेकराला कशाला एवढं रडवता? झोपेत असताना निघाले असते तर त्याला कळलंही नसतं.

 येसूबाई म्हणाल्या, "भाऊ, रडू दे की. रडंल आन् गप होईल. आजा जाताना बगितला नाय, तर तो घरभर शोधीत फिरंल. मंग त्याला कसा कलंल, का मानूस गेला तो कुटं गेला?"

 त्यांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. राहीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हिला तुमी सांगतां, आई बाजाराला गेली. बाजार किती टायमाचा असतो, पोरीला ठावं हाय. आई गेली ती आली नाय. आत्या गेली ती आली नाय. आता तुमी सदरा घातला का हिचा जीव उडतो. चपला काय उगाच बुडवते?"

मी म्हणालो, मग तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलं?

"तुमी शिकलेले. मला वाटला, तुमच्यात असाच असंल."

राही माझ्या कडेवर होती. होडी गेली त्या दिशेला ती डोळे न हलवता पाहत होती. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. पिशवी, खाऊ, कोंबड्या, चप्पल, एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. या सगळ्या गोष्टी मी याच वहीत स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत, आणि मला एकही वाचता आली नव्हती.

मंगळवार, २० डिसेंबर

दोन दिवस स्वतःशी भांडतो आहे. दोन वर्षांच्या मुलीला क्षय म्हणजे काय हे कसं सांगतात? सांगितलं आणि ती आणखी बिथरली तर? आता निदान गप्प तरी आहे. आक्काला विचारलं असतं, पण तिचं उत्तर मला माहीत आहे.

खरं सांगायचं तर मला राहीची भीती वाटते. माझ्याकडून खोटं ऐकलं हे तिला कळलं म्हणजे ती माझ्याकडे कशी बघेल, याची.

रविवार, २५ डिसेंबर

आज सांगितलं.

राहीला घेऊन एस.टी.ने बोईसर स्टेशनावर गेलो. मुंबईकडची गाडी येईपर्यंत बाकावर बसलो. गाडी आली, माणसं चढली, गाडी सुटली. तेव्हा मी म्हणालो, राही, आई या गाडीने गेली. आईला खोकला झाला आहे. आई लांब दवाखान्यात आहे. डॉक्टर सुई देतात. बरी झाली की याच गाडीने परत येणार. लवकर नाही येणार. पण येणार.

राहीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाजार?"

मी म्हणालो, "नाही. बाबा खोटं बोलला. आई बाजाराला नाही गेली."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते वेड्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहत होते. राही रुळांकडे बघत बसली. आणखी एक गाडी गेली.  घरी येऊन मी ट्रंकेतला फोटो काढून परत भिंतीवर लावला, तिचा हात पोचेल इतका खाली.

फोटो पाहिला मात्र, आणि "आई" म्हणून जी रडायला लागली, ती दिवेलागणीपर्यंत. सहा आठवड्यांत पहिल्यांदा आईचं नाव तोंडी आलं. कडेवर घेतलं, फिरवलं, पाठ थोपटली, काही चालेना. मी घाबरून येसूबाईंना हाक मारली. मला वाटलं होतं त्या तिला शांत करतील. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता हिला रडाया जागा गावली." मग मीही लाज सोडून रडून घेतलं.

सोमवार, २६ डिसेंबर

राहीने सकाळी वाटीभर पेज खाल्ली. वर आणखी मागितली. ही ओळ लिहिताना माझा हात हलका झाला आहे.

रविवार, ८ जानेवारी १९६७

चोरून निघणं बंद. सदरा घातला की मी राहीला घेऊन लॉरी थांबते तिथवर जातो. येसूबाई आणि जानूही असतात. म्हणतो, बाबा कामावर जातो, सूर्य समुद्राकडे उतरला की येतो. पहिले चार दिवस तिने लॉरीतल्या लोकांचे कान किटवले. ड्रायव्हर म्हणाला, काय मास्तर, रोज हा तमाशा? पाचव्या दिवशी रडणं अर्ध्यावर आलं. काल ती नुसतीच उभी होती, आणि लॉरी वळल्यावर तिने जानूची टोपी नीट केली असं येसूबाईंनी सांगितलं.

संध्याकाळी मी उतरतो तेव्हा ती तिथे असते. एकही दिवस वेळ चुकवायची नाही असं ठरवलं आहे. नामदेव म्हणतो मी बायकोपेक्षा मुलीला जास्त भितो. बरोबर आहे त्याचं.

चप्पल आठवडाभर कोरडी आहे.

रविवार, २९ जानेवारी

आक्काचं पत्र आलं, पोरीला आणून सोड म्हणते. नको म्हणून कळवलं. रागावेल, रागावू दे.

नर्मदेलाही खरं काय ते सगळं लिहिलं होतं. पिशवी, चावणं, माझा धपाटा, स्टेशन, आणि राही तुझ्या नावाने तीन तास रडली, तेही. पत्र टाकल्यावर पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं होतं. तिचं उत्तर आलं, दोन्ही बाजू भरून. लिहिते, "तुम्ही ती मला विसरली म्हणून लिहिलंत त्या दिवसापासून मला गोळी घशाखाली उतरत नव्हती. ती रडली हे वाचून मी खूप रडले, मग दोन भाकऱ्या खाल्ल्या. नर्सबाईंनी विचारलं आज काय विशेष."

मी तिला धीर देत होतो म्हणे! राहीला खोटं सांगितलं तसंच तिलाही सांगत होतो, आणि दोघींचं जेवण तोडत होतो.

रविवार, १९ फेब्रुवारी

नर्मदेला भेटून आलो. जाताना राहीला सांगितलं, येसूबाईंचा कोंबडा तीनदा आरवला की बाबा येतो. माझं म्हणणं तीन सकाळी असं होतं. पण त्या कोंबड्याला धरबंध नाही, पहिल्याच सकाळी तो पंधरावेळा आरवला, आणि राहीने येसूबाईंना बाबा कुठे आहे म्हणून पुरतं भंडावून सोडलं. नवशाने शेवटी दाराच्या चौकटीला कोळशाच्या तीन रेघा मारून दिल्या आणि रोज एक पुसली. परत आलो तर राही तिसऱ्या रेघेवर बोट ठेवून उभी होती. मला पाहून तिने ती स्वतः पुसली.

नर्मदा अंगाने भरली आहे. ओळखू येत नाही इतकी.

रविवार, २ एप्रिल

राहीच्या शब्दांची मोजदाद सोडून दिली. आता वाक्यंच येतात आणि सगळी मांगेलआळीतली. काल म्हणाली, "बाबा, तू गप ऱ्हा." नर्मदा येऊन ऐकेल तेव्हा काय म्हणेल कोण जाणे. मी मात्र गप राहिलो.

रोज फोटोपुढे उभी राहून आईला बातम्या सांगते. जानू पडला, मांजराने बोंबील नेला, वगैरे.

रविवार, १४ मे

नर्मदा आली. डाग गेला, गोळ्या मात्र वर्षभर चालायच्या. आम्ही दोघं तिला आणायला स्टेशनावर गेलो होतो. गाडी आली, नर्मदा उतरली, गुडघ्यावर बसली आणि हात पुढे केले. राही माझ्या पायाआड गेली.

घरी आल्यावर नर्मदेने विचारलं, राही, मी कोण? राहीने भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आई ती." फोटोतली आई वाळकी, अंगावर शालू. समोरची गोल चेहऱ्याची, इस्पितळाच्या वासाची. पोरीचा काय दोष? नर्मदा हसली आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

रविवार, २१ मे

आठवड्यात मोठीच प्रगती. राही आता नर्मदेकडे जाते. तिच्या हातून जेवते, तिच्याकडून वेणी घालून घेते, हट्ट नाही, रडणं नाही. ती म्हणेल ते ऐकते. माझ्याशी आणि येसूबाईंशी पूर्वीसारखाच दंगा, पण आईसमोर अगदी शहाण्यासारखी. मी नर्मदेला म्हणालो, बघ, तुला किती मान देते.

नर्मदा म्हणाली, "मला मान नकोय हो. ती माझ्याकडे पाहुणीसारखी वागते."

मला वाटतं आजारपणाने ती हळवी झाली आहे. सगळं मनासारखं होत असताना उगाच खोट काढायची.

रविवार, २८ मे

नर्मदा खचते आहे. राही पडली तर येसूबाईंकडे धावते, झोप आली तर माझ्याकडे येते. आईला पाणी नेऊन देते, पाटावर बसायला सांगते. नर्मदेने येसूबाईंना विचारलं, माझी जागा गेली का हो? येसूबाई म्हणाल्या, "जागा तुझीच हाय. पन तू परत जाशील का काय, ते ती बगते. तू घरात ऱ्हा. तिच्या मागं मागं करू नको."

मी धीर द्यायला तोंड उघडणार होतो. मिटलं.

शुक्रवार, २ जून

सकाळी सात वाजता नर्मदेने तांदळाची भाकरी केली. राही पाटावर बसली होती. भाकरी गरम होती म्हणून नर्मदेने ती मधून मोडली, तूप लावलं आणि ताटलीत ठेवली.

राहीने दोन तुकडे पाहिले. "मोडली," म्हणाली. मग म्हणाली, "जोड."

नर्मदेने तुकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवले. नाही. दुसरी अख्खी भाकरी दिली. नाही, तीच हवी, आणि अख्खी हवी. मी जन्मात पाहिला नव्हता असा आकांत सुरू झाला. राही पालथी पडली, पाय आपटले, ताटली उडवली, तुपाचा तुकडा उचलून नर्मदेच्या तोंडावर फेकला. बाहेर लॉरीचा भोंगा. मला वाटलं, नर्मदा आजारातून उठलेली, तिला हा त्रास नको, पोरीला उचलून येसूबाईंकडे न्यावं. मी पुढे झालो तर नर्मदेने नुसता हात वर करून मला थांबवलं. तिच्या गालावर तूप होतं.

राही उठली आणि दोन्ही मुठींनी तिला मारत सुटली. छातीवर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. "तू गेली. तू गेली. मला नाय सांगितला."

"नाही सांगितलं," नर्मदा म्हणाली. "चुकलं माझं. तुला सांगून जायला हवं होतं."

"मी उंबऱ्यावर बसली."

"हो गं बाई."

"तू नाय आली."

 राहीने आणखी चार-पाच मुठी मारल्या, आणि मग त्याच मुठीत तिचा पदर धरला, गळ्यात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. ते रडणं मी पूर्वी एकदाच ऐकलं होतं, फोटोपुढे. येसूबाई गलबला ऐकून दारात आल्या, आत पाहिलं, आणि जानूला घेऊन परत गेल्या. लॉरी दोनदा भोंगा वाजवून निघून गेली.

राही तशीच मांडीवर झोपली. नर्मदा म्हणाली पायाला मुंग्या आल्या आहेत, पण हलणार नाही. मी तिच्या गालावरचं तूप पुसलं. आम्ही दोघंही हसत होतो. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, पोरीने ताटली उडवली आणि आईबाप हसतात.

नवशाची सायकल मागून घेतली आणि दीड तास उशिरा फाटकावर पोचलो. उशीर झाला की तिथल्या वहीत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "पत्नी इस्पितळातून घरी आली."

साहेबांनी वाचून चष्मा वर केला. "अहो, त्या तर गेल्या महिन्यात आल्या ना? पेढे वाटलेत तुम्ही."

मी म्हणालो, "नाही साहेब. आज आली."

त्यांनी वहीवर सही केली.